दिवसाची लाइन, गावचा तलाव आणि राखेचा हिशेब: स्वच्छ ऊर्जा व पर्यावरणाबद्दल मला विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका ग्रामीण मतदारसंघाचा आमदार आहे. आमच्याकडे एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला कापूस आणि तूर, वरच्या बाजूला जंगल, आणि नदीपलीकडे कोळसा. बाजाराच्या दिवशी कार्यालयात येणारे, ग्रामसभेत उठून विचारणारे, लग्नाच्या मांडवात हात धरून बाजूला नेणारे लोक वीज, पाणी, राख आणि वाघ याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं. लिहिलेलं बदलता येत नाही, म्हणून पुढच्या सभेत हेच माझ्यासमोर वाचून दाखवा.

भाऊ, तुमचं पहिलं काम कोणतं, ते एका वाक्यात सांगा.

शेतीला दिवसा थ्री फेज लाइन, म्हणजे पाण्याची मोटर चालेल अशी वीज. बाकी सगळं त्याच्या मागून.

कारण मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. गेल्या रब्बीत एका शेतकऱ्यासोबत मी अख्खी रात्र त्याच्या वावरात काढली. त्या आठवड्यात त्याच्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून वीज आणणाऱ्या वाहिनीची, पाळी रात्रीची होती. साडेअकराला लाइन आली, मोटर सुरू झाली आणि हा माणूस बॅटरी दातात धरून फावड्याने दांड फोडायला लागला, कारण दोन्ही हात फावड्याला लागतात. पायात रबरी बूट. खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली, ऐकण्यासाठी नव्हे, जनावराने आवाज ऐकून लांब राहावं म्हणून. दर तासाला घरून बायकोचा फोन, आणि बोलणं एवढंच: "आहे ना?" "आहे." दोनच्या सुमारास फ्यूज गेला, तेव्हा धुऱ्याधुऱ्याने अंधारात डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाऊन यावं लागलं. मोटरला ऑटो स्विच बसवून घरी झोपता येत नाही, कारण एका सरीचं पाणी दुसरीत वळवायला माणूस लागतोच.

"लाइन रातीच येते न जी भाऊ," तो म्हणाला, "आन वाघ बी रातीच निंगते."

सूर्याची वीज फक्त दिवसा मिळते, हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो. आमच्या शेतकऱ्यासाठी तोच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. कोळशाची वीज चोवीस तास सारखी निघते. दिवसा शहरं आणि कारखाने ती ओढतात आणि उरलेली रात्रीची वीज शेतीच्या वाट्याला येते. सौर विजेत ही रांग उलटी होते. भर दुपारी जेव्हा ती सगळ्यात जास्त तयार होते, तेव्हाच ओलिताला ती हवी असते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी म्हणजे नेमकं काय? आमच्या वावरात पॅनल लागणार का?

नाही. तुमच्या वावरात काही लागत नाही. गावाजवळच्या वीज उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज त्याच उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या वेगळ्या केलेल्या फीडरवर दिवसा सोडली जाते. तुमची मोटर तीच, जोडणी तीच, वेळ बदलते. ही योजना 2017 ची. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि त्याचं उद्दिष्ट 16 हजार मेगावॉट आहे.

ढग आले तर काय, हा प्रश्न जुलैत हमखास येतो. फीडर ग्रीडला, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्याला, जोडलेलाच राहतो, त्यामुळे ढगाळ दिवशी इतर वीज घेता येते. शिवाय पाऊस सुरू असताना ओलिताची गरजही कमीच असते. खरी अडचण ऑगस्टच्या खंडात येते. धान फुलोऱ्यावर आणि आभाळ नुसतं भरलेलं, पाऊस नाही. त्या पंधरवड्यात दिवसाची पाळी मोडायची नाही, ही माझी वीज खात्याकडे कायमची मागणी आहे.

ज्या गावाच्या हद्दीत प्रकल्प येतो, त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये असं तीन वर्षं अनुदान मिळायचं आहे. हे पैसे आले का, कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. बऱ्याच सरपंचांनासुद्धा ही तरतूद माहीत नसते.

माझी चार एकर बरड आहे. प्रकल्पाला भाड्याने देऊ का?

बरड असेल तर जरूर विचार करा. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. मुरमाड, पडीक, रोह्यांनी (नीलगाईंनी) हैराण केलेल्या जमिनीला हा दर वाईट नाही.

काळी कसदार जमीन द्यायला मात्र मी कुणालाच सांगणार नाही. करार पाव शतकाचा असतो. तुमच्या सहीने तुमच्या मुलाचं वयही त्यात बांधलं जातं. त्या वावरात निंदण-वेचणीला येणाऱ्या बायांची मजुरी कराराच्या कोणत्याच कलमात नसते, ती नुसती बंद होते. सही करण्याआधी करार मराठीत मागा आणि तीन गोष्टी शोधा: भाडं कोणत्या तारखेला जमा होणार, मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार, आणि पावसाचं पाणी कुठून वाहून जाणार. तिसरी सगळे विसरतात. पॅनलच्या रांगांसाठी जमीन सपाट केली की जुना उतार मोडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या बांधीत पाणी घुसतं.

गावाच्या गायरानावर किंवा झुडपी जंगलावर सौर प्रकल्प आणता येईल का?

गायरानाचा निर्णय ग्रामसभेत व्हावा आणि तिथे गाई-बकऱ्या राखणारी माणसं हजर असावीत. हजेरीच्या वहीत त्यांच्या सह्या मी पाहतो.

झुडपी जंगल हा आपल्या पूर्व विदर्भाचाच विषय आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन नोंदलेली आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की झुडपी जंगल ही वनजमीनच आहे. म्हणजे तिथे कोणताही प्रकल्प आणायचा तर वनकायद्याची परवानगी लागते. काही अधिकाऱ्यांना ही अडचण वाटते. मला ती तशी वाटत नाही. या झुडपात तितर-बटेर आहेत, गावची जनावरं आहेत, टेंभरं आणि चारोळ्या आहेत. नकाशावर रिकामी दिसणारी जागा गावाला रिकामी नसते. स्वच्छ विजेसाठी झुडपं साफ करायच्या प्रस्तावाला मी सही देणार नाही. ज्यांची घरं आणि शाळा कित्येक वर्षांपासून अशा जमिनीवर आहेत, त्यांचं नियमितीकरण हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी मी पाठपुरावा करतो आहे. या दोन गोष्टी एकत्र मिसळू नका.

सौर पंप घ्यावा की फीडरची वाट पाहावी?

ज्यांच्या विहिरीपर्यंत खांबच नाहीत, त्यांनी सौर पंप घ्यावा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात, असा हिशेब आहे.

तक्रारी पंप मिळण्यापेक्षा पंप बंद पडण्याच्या जास्त येतात. मे महिन्याच्या वादळात पॅनल उडतात, कंट्रोलर जळतो, पुरवठादाराचा फोन लागत नाही आणि पऱ्हाटी वाळायला लागते. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा योजनेतच धरलेला आहे. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. पंप बसवताना मिळालेला कागद घडी करून पेटीत ठेवा. कार्यालयात येणाऱ्या दहा जणांतल्या सहांकडे तो नसतो आणि तिथेच प्रकरण अडतं.

आणि एक गोष्ट कुणाला आवडो न आवडो, सांगतोच. सौर पंपाला बिल नाही म्हणून तो दिवसभर चालू ठेवू नका. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरवर बोअर मारत पाणी किती खोल गेलं आणि त्यात किती बागा वाळल्या, हे विदर्भाने पाहिलं आहे. सूर्य फुकट आहे, भूजल फुकट नाही. जिथे पाण्याची पातळी खाली गेली आहे, तिथे सौर पंपासोबत ठिबक सक्तीचं करावं, असं माझं मत आहे. या मतावर मला शेतकऱ्यांकडूनच विरोध होतो आणि तो मी ऐकून घेतो, पण मत बदललेलं नाही.

घराच्या छतावर सौर लावायला अनुदान आहे का?

आहे. 'पीएम सूर्यघर' योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये. अडचण अशी की ही योजना स्लॅबच्या घरांचा विचार करून केलेली आहे. आमच्या खेड्यांत अजूनही कवेलूची आणि टिनाची घरं कितीतरी आहेत, त्यांच्यावर पॅनलचं वजन कोण पेलणार? अशा घरांसाठी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर सामाईक संच बसवून त्याची वीज त्यांच्या बिलातून वळती करावी, यासाठी मी प्रयत्न करतो आहे.

तुम्ही कोळशाच्या विरोधात आहात का? खाण बंद झाली तर आमच्या पोरांनी काय करायचं?

या प्रश्नावर सभेत आवाज चढतात. चढायलाच पाहिजेत, कारण हा पोटाचा प्रश्न आहे.

आधी चित्र पाहू. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं, तिरोड्याचं 3300, मौद्याचं 2320, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस आणि नांदगाव पेठ. राज्याच्या औष्णिक विजेचा मोठा भाग विदर्भात तयार होतो आणि तारांवरून दूर जातो. मागे राहते ती धूळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यमापन केलं, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित यादीत वरच्या क्रमांकांत आलं. औष्णिक केंद्रांच्या धुरातला गंधकाचा वायू रोखायचे नियम केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये केले. त्यांची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना हा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ती सूट मला मान्य नाही.

खाणीचं नुकसान जमिनीखालूनही येतं. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी खाण होती. मी त्या गावचा नाही, पण तो खड्डा पाहून आल्यावर बरेच दिवस आमच्या नदीपलीकडच्या वस्त्यांमधून फिरताना नजर आपोआप भिंतींच्या भेगांवर जायची.

आता पोरांचं. उद्या सकाळी खाणी बंद करा, असं मी म्हणत नाही. पण कोळसा संपणारा आहे आणि काही जुन्या खाणी बंद झाल्याच आहेत. अशा वेळी कायम कामगाराची बदली होते. ठेकेदाराकडच्या ड्रायव्हरला, गेटसमोर चहा विकणाऱ्याला आणि टायर पंक्चरवाल्याला कुणी कागद देत नाही, त्यांचं काम एका पगाराच्या तारखेला थांबतं. म्हणून माझ्या मागण्या खाण चालू असतानाच्या आहेत. बंद होण्याच्या पाच वर्षं आधी गावाला लेखी कळवा. ठेकेदारीतल्या मजुरांची यादी करा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये सौर पंप आणि पॅनल दुरुस्तीचा वर्ग सुरू करा. वर सांगितलेले बंद पडलेले पंप दुरुस्त करायला माणूस मिळत नाही आणि इथे हाताला काम नसलेला मेकॅनिक पोरगा बसून आहे, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

राखेचे टिप्पर गावातून जातात, वावरात राख पडते. तक्रार कुठे करायची?

31 डिसेंबर 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्राला आपली सगळी राख वापरात आणावी लागते: विटा, सिमेंट, रस्ते, जुन्या खाणींचा भराव. कागदावर हा नियम चांगला आहे. पण राख साचतच जाते आणि बंधारा फुटला की काय होतं, हे जुलै 2022 मध्ये कोराडीच्या खसाळा इथल्या राखबंधाऱ्याने दाखवलं.

आमच्याकडे एका मावशीच्या बांधीत राखेचं पाणी शिरलं होतं, तेव्हा मी गेलो. रोवणी होऊन आठ-दहा दिवस झालेले. वरून पाहिलं तर धान हिरवंच दिसत होतं. मावशीने वाकून एक रोप उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मुळांना सिमेंटसारखा राखाडी लेप चढला होता आणि तो बोटाने घासूनही सुटत नव्हता. नुकसानीच्या पंचनाम्यात 'पीक उभे आहे' असा शेरा होता. तो शेरा बदलून घ्यायला आठ महिने गेले.

त्यातून शिकलो ते सांगतो. राख पडली त्याच दिवशी फोटो काढा, फोटोत ओळखीची खूण येऊ द्या: विहीर, डीपी, मंदिर. रोप उपटून मुळाचाही फोटो घ्या. तलाठी आणि कृषी सहायक दोघांच्या सहीचा पंचनामा मागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ताडपत्री न बांधलेल्या टिप्परचा नंबर दिसेल असा एक फोटो दहा निवेदनांपेक्षा जास्त काम करतो.

वाघांबद्दल तुमची भूमिका काय? माणूस मोठा की वाघ?

2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ आढळले, त्यातले बहुसंख्य विदर्भातले. त्याचा मला अभिमान आहे. आणि मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, हेही मी विसरू शकत नाही. मृत्यू झाल्यास वारसांना 25 लाख रुपये मिळतात. मला असा बंदोबस्त हवा आहे की ते मागायची वेळच येऊ नये.

इथेच वीज पुन्हा येते. रात्रीचं ओलीत दिवसा आणलं तर शेतकरी आणि वाघ यांच्या वेळा वेगळ्या होतात. सरपणाला जंगलात जाणं कमी करायचं तर सिलिंडर भरून घेणं परवडलं पाहिजे. उज्ज्वलाची टाकी पुष्कळ घरांत आहे, पण कोपऱ्यात उभी असते आणि चुलीत काड्या जळतात. गोठ्यात चार जनावरं असलेल्या घरांसाठी गोबरगॅस पुन्हा नीट चालवावा, असं माझं म्हणणं आहे. वर्धा परिसरात गांधीजींच्या काळापासून ग्रामतंत्राचं काम झालेलं असताना आपण ते जुनाट म्हणून सोडून दिलं.

आणि हात जोडून सांगतो, रानडुकरांसाठी तारेत थेट लाइन सोडू नका. त्यात डुकरापेक्षा शेजारचा पोरगा, गाय किंवा वाघ मरतो आणि घरचा कर्ता तुरुंगात जातो. झटका मशीन म्हणजे सौर कुंपण क्षणभराचा झटका देतं, जनावर पळतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं.

मामा तलावांचं काय करणार?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं लांबेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून जवळपास 7 हजार माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून ते बांधले. एकाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्या बोडीत, अशी माळ असायची. 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि छोटे जिल्हा परिषदेकडे. गावाचे निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या वापराचे हक्क, नोंदीत राहिले, पण पाळीवर माती टाकायला, सांडवा पाहायला गावाने जाणं हळूहळू थांबलं.

या तलावांवर तरंगते सौर पॅनल बसवण्याची कल्पना काही जण घेऊन येतात. मोठ्या धरणावर विचार करू, गावतलावावर नाही. गावतलावात ढिवर बांधवांची मासेमारी आहे, सिंगाडा आहे, म्हशी आहेत, हिवाळ्यात येणारे पक्षी आहेत. पाणी झाकलं की हे सगळं जातं.

गाळ काढण्याबद्दलही बोललं पाहिजे. गाळ वावरात नेणं चांगलं, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' त्यासाठीच आहे. पण जेसीबी लावून तलावाची विहीर करणं चुकीचं. हे तलाव ताटलीसारखे उथळ असतात आणि काठाच्या उथळ पाण्यातच मासोळी अंडी घालते, तिथेच पाणवनस्पती वाढतात. एका तलावावर ठेकेदाराने आठ दिवसांत मधोमध खड्डा पाडला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी त्या खड्ड्यात होतं आणि नहर कोरडी. म्हणून माझ्या मतदारसंघात गाळाचं काम ढिवर सोसायटी आणि पाणी घेणारे शेतकरी दोघांनी खुणा करून दिल्यावरच सुरू होतं. बेशरमाची झुडपं मात्र मुळासकट काढा, तोडून चालत नाही, तुकड्यातूनही ती पुन्हा फुटतात.

ग्रामसभेने प्रकल्पाला नाही म्हटलं तर तुम्ही कुणाच्या बाजूने?

ग्रामसभेच्या. ती खरी भरली असेल तर.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली. 2009 मध्ये त्याला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. तिथे गावाने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी जंगलाला आग लावली जाते. कमाई सोडून जंगल राखायचा हा निर्णय कुठल्या आमदाराने नाही, गावाने घेतला.

खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे होते. किमान 30 दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. तो आणा, वाचा, नसेल समजत तर शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्या. सुनावणीत बोललेलं इतिवृत्तात आलं का, ते तपासूनच उठा. अशा विरोधाचा उपयोग होतो. ताडोब्याजवळची बांदर कोळसा खाण 2020 मध्ये लिलावाच्या यादीत होती. लोकांनी, वन्यजीव कार्यकर्त्यांनी आणि राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी विरोध केला आणि केंद्राने ती यादीतून काढली.

आमदाराच्या हातात असतं तरी काय?

काय नसतं ते आधी. कोळसा केंद्राचा विषय आहे. वनजमिनीची अंतिम परवानगी केंद्राची. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. यातलं काही मी करून दिलं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरीही.

हातात आहे तो वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी. त्यातून पूर्वी मीही गावोगावी सौर दिव्यांचे खांब दिले. दोन-अडीच वर्षांत बॅटऱ्या गेल्या, आता कितीतरी खांबांवर दोरी बांधून कपडे वाळतात. देखभालीचा करार असल्याशिवाय मी आता एकही खांब देत नाही. त्याऐवजी आरोग्य उपकेंद्र आणि नळयोजनेच्या पंपाला सौर जोडतो.

त्याहून मोठा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात असतो. 12 जानेवारी 2015 च्या आधी दिलेल्या खाणी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातल्या खाणी 10 टक्के रक्कम त्यात भरतात. तो पैसा खाणबाधित गावांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, प्रदूषण रोखण्यासाठी आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणी सुशोभीकरणावर जाऊ नये, यासाठी मी दर बैठकीत भांडतो.

आणि विधानसभा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना ही आमची अवजारं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं आणि तिथे त्याचा पाठलाग करता येतो. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे एक अधिवेशन नागपुरात होतं, म्हणजे हिवाळ्यात विधानसभा आपल्या दारात येते. त्या वेळी दिवसाची लाइन, राख आणि वन्यजीवांचे हल्ले हे तीन विषय मी दरवर्षी लावतो.

फवारणीची विषबाधा हा पर्यावरणाचा विषय आहे का?

हो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. उंच वाढलेली पऱ्हाटी, अंगावर उडणारं औषध आणि तोंडाला नुसता शेला. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑगस्ट ते ऑक्टोबर विषबाधेवरची औषधं असलीच पाहिजेत, ही यादी मी स्वतः तपासतो.

सौर पॅनल खराब झाल्यावर त्या काचांचं काय? उद्या त्याचाच कचरा होणार ना?

रास्त शंका आहे. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनल धरलेले आहेत, त्यामुळे ते नाल्यात टाकता येत नाहीत आणि त्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. फुटलेलं पॅनल भंगारवाल्याला देऊ नका. तालुक्याला एक जमा करण्याची जागा हवी, ती अजून नाही. माझ्याकडून राहिलेलं काम आहे.

वृक्षारोपणाला येणार का?

जुनी झाडं वाचवायला बोलावलं तर आधी येईन. रोपं लावायची असतील तर मोह, चार, बेहडा लावा आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मला बोलवा. मी जगलेली झाडं मोजायला येतो.

कार्यालयात येताना काय आणायचं?

लाइनची तक्रार असेल तर फीडरचं नाव आणि डीपीचा नंबर. आठ दिवस लाइन किती वाजता आली आणि गेली, ते वहीच्या पानावर लिहून आणा, मोबाइलमध्ये नको. सौर पंपाचं असेल तर अर्ज क्रमांक, सातबारा आणि पुरवठादाराचा कागद. राखेचं असेल तर फोटो आणि तक्रारीची पोच. वनहक्काचं असेल तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, आणि शक्यतो एकट्याने नाही, समितीतल्या दोन-तीन जणांनी मिळून या. कार्यालय सकाळी नऊला उघडतं. बाजाराच्या दिवशी मी स्वतः दुपारपर्यंत तिथेच असतो.